पिंजाऱ्याचे नाक

आमच्या घरात शिंकेला आजार मानत नसत. अब्बा सकाळी उठले की सात-आठ शिंका देत, कधी दहा, आणि मगच पाण्याचा तांब्या उचलत. समोरच्या हॉटेलचा मालक पहिली शिंक ऐकून पोऱ्याला सांगे, "पिंजारी उठले, दूध चढव." अब्बांचे वडीलही असेच शिंकत, असे अब्बा कौतुकाने सांगत. त्यामुळे मी सातव्या वर्षी तशा शिंका द्यायला लागले, तेव्हा कुणाला काळजी वाटली नाही. पाहुणे म्हणत, "नाक बाप की लाई." अब्बा हसत आणि म्हणत, "पिंजारे की औलाद है. शिंकेगी नईं तो क्या करेगी?" आमच्या घरात दखनी बोलत, गिऱ्हाइकांशी मराठी, आणि मी मराठी शाळेत जात असल्यामुळे पुस्तकातली मराठीही त्यात येऊन मिसळे. शहराचे नाव तेव्हा औरंगाबाद होते. तेव्हाची गोष्ट सांगताना मी तेच वापरणार आहे.

दुकान शहागंजात, घड्याळाच्या मनोऱ्यापासून चालत पाच मिनिटांवर. पुढे पिंजण्याचे यंत्र, त्याच्या बाजूला गादी-रजई भरण्याची मोकळी जागा, मागे गिऱ्हाइकांची गाठोडी ठेवायची खोली आणि वर आमच्या राहण्याच्या दोन खोल्या. लोक जुन्या गाद्या घेऊन येत. खोळ उसवून आतला दबलेला, गोळे झालेला कापूस बाहेर काढायचा, काठीने झोडायचा, यंत्रात घालायचा, आणि फुललेला कापूस परत त्याच खोळीत भरून टाके घालायचे, असे काम. दिवाळी झाल्यापासून थंडी ओसरेपर्यंत यंत्र थांबत नसे. त्याचा घरघराट इतका सवयीचा होता की वीज गेली आणि ते बंद पडले की अम्मी दचकून स्वयंपाकघरातून बाहेर येई. कापसाचे बारीक तंतू जिन्यावरून वर येत. ते पापण्यांवर बसत, तव्यावर जळत, चहावर तरंगत. चहावर साय आहे की कापूस, हे बोट घालूनच कळे. हंगामात मागची खोली भरली की उरलेली गाठोडी वर येत आणि मी झोपायचे त्या खोलीत भिंतीला लावून छतापर्यंत रचली जात. प्रत्येकावर नावाची चिठ्ठी असे. अक्षरे लावून वाचायला मी त्या चिठ्ठ्यांवरच शिकले.

माझ्या नाकाची तक्रार अशी होती. सकाळी उठल्याबरोबर शिंका, मग पाण्यासारखे नाक गळणे, टाळूला आतून खाज, डोळ्यांना खाज. दुपारपर्यंत गळणे थांबे आणि नाक चोंदे, आधी एक बाजू, मग दुसरी. संध्याकाळी तोंड उघडे ठेवूनच श्वास घ्यावा लागे. नाकाचा शेंडा तळहाताने वर ढकलत राहण्याची सवय लागली होती आणि त्यामुळे नाकावर एक आडवी रेघ उमटली होती. डोळ्यांखाली काळे पडले होते. शाळेतल्या बाई एकदा म्हणाल्या, "रात्रभर जागतेस का गं?" मी नीट झोपते, असे सांगितले, कारण मला तसेच वाटत होते. वास येणे कधी बंद झाले ते आठवत नाही. शेजारच्या लग्नात देगेतून नान-खलिया वाढायला घेतला की सगळे आधी वास घेत आणि डोळे मिटत. मीही डोळे मिटायचे. मला कळायचे ते एवढेच, की रस्सा गरम आहे आणि तिखट आहे.

यावर उपाय होत होते. दही, केळी, पेरू, चिंच, बोरे बंद. उन्हाळ्यातही रसना नाही. रोज हळदीचे दूध, आठवड्यातून दोनदा काळी मिरी घातलेला शोरबा, ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून नाकाला लावणे. कानात कापसाचे बोळे, डोक्याला स्कार्फ. आणि सगळ्यात मोठा उपाय म्हणजे गादी. मुलीला थंडी बाधते, असे घराने ठरवले होते आणि थंडीवर आमच्या घरात एकच औषध होते. अब्बांनी माझ्यासाठी घरातली सर्वांत जाड गादी भरली, उशीत सावरीचा कापूस घातला, वर दोन रजया दिल्या. दर हिवाळ्यात ते गादीत आणखी थोडा कापूस भरत. राजाच्या पोरीला अशी गादी नसेल, असे म्हणत. ते खरेही असेल. मी त्या गादीत तोंड खुपसून झोपायचे आणि सकाळी पंधरा-वीस शिंका देत उठायचे.

पुढे मी बत्तीस वर्षे वर्तमानपत्राच्या कचेरीत काढली. तिथे नव्या मुलांना पहिल्या आठवड्यात शिकवतात की काय झाले याच्याइतकेच कुठे झाले आणि कधी झाले हे महत्त्वाचे. माझ्या नाकाबाबत हे दोन प्रश्न कुणी विचारले नाहीत, मीही नाही. सुट्टीत मी सिल्लोडच्या पलीकडे मामूच्या घरी जायचे. तिथे बाजेवर सतरंजी टाकून झोपायचे, चिंचा खायचे, विहिरीवर भिजायचे. चौथ्या-पाचव्या दिवशी नाक मोकळे होई. परत आले की पुन्हा चोंदे. अम्मी म्हणे, "उधर की हवा मानवती है तेरे कू." इतका धडधडीत पुरावा समोर असून आम्ही सगळे हवेवर थांबलो.

माझे कामावर प्रेम होते, हे इथे सांगायला हवे, नाहीतर पुढचे कळणार नाही. मला भावंडे नव्हती. दहाव्या वर्षी अब्बांनी माझ्या हातात सुई दिली, बाराव्या वर्षी मी एकटी रजई पुरी करत होते. रजईला टाके मधून सुरू करून कडेला न्यायचे असतात, नाहीतर कापूस सरकून एका बाजूला गोळा होतो. रंगात बुडवलेला दोरा ताणून कापडावर सोडायचा, त्याची रेघ उमटते, तिच्यावरून जायचे. मला रेघ लागत नसे. कोयरीच्या नक्षीतसुद्धा माझे टाके एकसारखे पडत. गिऱ्हाइके अब्बांना म्हणत, "चाचा, ही तुमच्या पोरीच्या हातानं करून द्या." आठवीत असताना अब्बांनी हॉटेलवाल्यासमोर सांगितले, "मेरे बाद दुकान इसकी." हॉटेलवाला म्हणाला, "लडकी की?" अब्बा म्हणाले, "टाके देखा क्या कभी उसके?" त्यानंतर मला दुसरे काही व्हायचे नव्हते.

त्याच वर्षी नाक बिघडत गेले. दुपारी टाके घालताना नाक इतके चोंदे की डोके जड होऊन सुई दोन दिसायची. अब्बा म्हणायला लागले, "आज ऊपर जा, आराम कर." एकदा म्हणाले, दोनदा म्हणाले, मग आठवड्यातून तीनदा. मला भीती वाटायला लागली की एक दिवस ते कायमचे वर पाठवतील. शाळेतल्या मैत्रिणीच्या घरी नाकात घालायच्या थेंबांची बाटली पाहिली होती. मी मेडिकलवाल्याकडे गेले आणि सर्दीचे थेंब मागितले. त्याने काही न विचारता बाटली दिली आणि म्हणाला, "दोन-दोन थेंब टाक. पाच मिनिटांत रस्ता मोकळा."

पाच मिनिटेही लागली नाहीत. दोन्ही बाजूंनी हवा आत शिरली, थंडगार, थेट कपाळापर्यंत. इतकी हवा जगात असते हे मी विसरले होते. त्या दुपारी मी तीन रजया संपवल्या आणि अब्बांनी गल्लीतल्या चार जणांना बोलावून त्या दाखवल्या.

पहिली बाटली महिनाभर पुरली. दुसरी पंधरा दिवस. नंतर थेंबांचा असर चार तासांवरून तीनवर, तीनवरून दोनवर आला, आणि तो उतरला की नाक आधीपेक्षा घट्ट बंद होऊ लागले. मी याचा अर्थ असा लावला की आजार वाढतोय, म्हणून थेंब वाढवायला हवेत. दीड वर्षानंतर एक बाटली चार दिवसांत संपत होती. मी ती कुर्त्याच्या खिशात ठेवायचे, वर्गात मधल्या सुट्टीत, दुकानात मागच्या खोलीत गाठोड्यांच्या आड जाऊन थेंब टाकायचे. घरी कुणाला माहीत नव्हते. अम्मीला एवढेच दिसत होते की मुलीचे नाक आता गळत नाही. ती हळदीच्या दुधाला श्रेय देत होती.

दहावीच्या वर्षी दिवाळीनंतर सिल्लोडहून सुमनकाकू आल्या. घरची चांगली जमीन, मुलीचे लग्न पौष संपल्यावर ठरलेले. आमच्याकडे रीत अशी की लग्नाच्या गाद्या-रजयांसाठी लोक आपल्या शेतातला, सरकी काढलेला कापूस घेऊन येत आणि त्यात दुसऱ्याचा जुना कापूस मिसळला जाऊ नये म्हणून घरातले एक माणूस काम संपेपर्यंत दुकानात बसून राही. यात अविश्वास आहे असे कुणी मानत नसे. अब्बा स्वतःच खुर्ची पुढे करत. सुमनकाकू खुर्चीवर बसल्या नाहीत. पोत्यावर मांडी घालून बसल्या आणि माझे टाके बघत राहिल्या.

"कितवीला हायेस?"

"दहावीला."

"आणि हे कवा शिकलीस?"

"लहानपणीच."

"माझ्या पोरीला बटण लावता येत नाय," त्या म्हणाल्या. "निघाली नांदायला."

रजईला वर गुलाबी साटीन होते. मी मधली कोयरी पुरी करून दुसरीला लागले होते. अब्बा यंत्रावर दुसऱ्या कुणाचा जुना कापूस पिंजत होते. हवा धूसर झालेली. मी उठून मागे गेले, थेंब टाकले, परत येऊन बसले. थोड्या वेळाने पुन्हा गेले. चौथ्यांदा परत आले तेव्हा काकू हळू आवाजात म्हणाल्या, "पोट बिघडलंय का गं? सकाळपासून चार डाव आत गेलीस." मी नाही म्हणाले. वाकून सुई घातली आणि साटीनवर एक लाल ठिपका पडला. मग दुसरा. मला आधी वाटले बोटाला सुई लागली. मी बोट पाहिले, ते कोरडे होते. तोवर ओठांवर खारट चव आली होती.

अब्बांनी यंत्र बंद केले आणि धावत आले. त्यांचे लक्ष आधी कापडाकडे गेले. हे मी तक्रार म्हणून लिहीत नाही. लग्नाच्या रजईवर रक्त सांडले होते आणि नवरीची आई समोर बसली होती. ते म्हणाले, "काकू, माफ करा. कापड मी नवीन लावतो. आत्ताच्या आत्ता."

"कापड गेलं खड्ड्यात, भाऊ," सुमनकाकू म्हणाल्या. त्यांनी मला पुढे वाकवले आणि नाक चिमटीत दाबून धरले. "वर नको बघू, खाली बघ. तोंडानं श्वास घे." मग अब्बांकडे वळून, "हिचं डोळं बघितलं का कवा? खाली काळं पडलंय. चार डाव आत गेली ही. कायतरी करती आत जाऊन. आमच्या गोठ्यातल्या म्हशीचं नाक वाहिलं तरी आम्ही डॉक्टर आणतो. तुम्ही पोरीला काय दाखवलं?"

अब्बा म्हणाले, "आमच्या घराण्याचंच नाक तसं आहे, काकू."

"असंल. पण रक्त बी घराण्याचं व्हय?"

रक्त दहा मिनिटांत थांबले. काकूंनी उरलेल्या कापसाचे गाठोडे आवरले आणि जाताना अब्बांना सांगितले की साटीन नवीन लावा, पण टाके हिच्याच हातचे हवेत, बरी झाली की घालू द्या, मला महिनाभर घाई नाही.

दुसऱ्या दिवशी अम्मी मला औरंगपुऱ्याकडे नाक-कान-घशाच्या डॉक्टरीणबाईंकडे घेऊन गेली. त्या कमी बोलत. त्यांनी कपाळावरचा गोल आरसा डोळ्यावर ओढला, चिमट्याने नाकपुडी उघडली आणि दोन्ही बाजू बराच वेळ पाहिल्या. मग म्हणाल्या, "दिवसातून किती वेळा थेंब टाकतेस?"

अम्मी म्हणाली, "थेंब नाही टाकत ती, बाई. आम्ही काढा देतो."

"काढ्यानं आतली त्वचा इतकी लाल आणि सुजलेली होत नाही. बाटली असेल तर दाखव मला. रागावणार नाही."

मी खिशातून बाटली काढून टेबलावर ठेवली. अम्मीने ती उचलली, उलटसुलट पाहिली आणि विचारले, "ये कब से?" मी सांगितले. तिने पदराने बाटलीवरची धूळ पुसली आणि परत टेबलावर ठेवली.

डॉक्टरीणबाईंनी जे सांगितले ते मी त्यांच्याच क्रमाने देते, कारण इतके स्वच्छ सांगितलेले मी नंतरही फार कमी वेळा ऐकले. माझे आजार दोन होते, एकावर एक चढलेले. खालचा जुना: नाकाची अॅलर्जी. एखादी निरुपद्रवी गोष्ट श्वासातून आत गेली तरी नाक तिला शत्रू समजते आणि शिंका, पाणी, सूज यांनी तिला बाहेर हाकलू पाहते. सर्दी आठवड्यात जाते, ताप आणते, घरातल्या दुसऱ्याला लागते. हे वर्षानुवर्षे राहते, ताप येत नाही, खाज मात्र येते. वरचा आजार थेंबांनी आणलेला. हे थेंब नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतात, म्हणून सूज उतरते. चार-पाच दिवस ठीक. त्यापुढे वापरले की औषध उतरताच वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, माणूस पुन्हा थेंब टाकतो, आणि मग नाक थेंबांमुळेच चोंदायला लागते. "तू रोग घालवत नव्हतीस," त्या म्हणाल्या, "थेंबांनी केलेली सूज थेंबांनीच उतरवत होतीस." आतली त्वचा सुकून तडकली होती, रक्त तिथून आले. मग त्यांनी तो प्रश्न विचारला, जो नऊ वर्षांत कुणी विचारला नव्हता. "घरी काय काम चालतं?"

अम्मीने सांगितले. त्यांनी पेन खाली ठेवले. "आणि ही झोपते कुठं?"

कशाची अॅलर्जी आहे ते पाहण्यासाठी आठवड्याने त्यांनी हातावर चाचणी केली. या वेळी अब्बा आले. हाताच्या आतल्या बाजूला शाईने आकडे घातले, प्रत्येकाशेजारी एका-एका पदार्थाचा थेंब ठेवून सुईचे टोक हलकेच टोचले आणि वीस मिनिटे थांबायला सांगितले. खाजवायचे नाही. अब्बा भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि माझ्या हाताकडे आळीपाळीने बघत होते. त्यांची एवढीच इच्छा होती की कापूस निघू नये. वीस मिनिटांनी एका आकड्यापाशी पावलीएवढी गांधी उठली होती, दुसऱ्या एकापाशी तिच्याहून लहान. डॉक्टरीणबाईंनी पट्टी लावून मोजले. लहान गांधी गाजरगवताची. मोठी, घरातल्या धुळीत राहणाऱ्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या किड्याची. हा किडा माणसाच्या अंगाच्या झडलेल्या कातडीवर जगतो आणि सगळ्यात जास्त असतो तो जुन्या गाद्यांत आणि उशांत.

"आणि कापूस?" अब्बांनी विचारले.

"कापसाचं काही उठलं नाही."

अब्बा सरळ बसले. "मतलब कापूस बेकसूर."

"नवा कापूस बेकसूर," त्या म्हणाल्या. "पण तुमच्या यंत्रात वीस वर्षं लोक झोपलेल्या गाद्या जातात. त्यांतला सगळा किडा, त्याची घाण, तुम्ही फुलवून हवेत सोडता. ही मुलगी त्यात बसते आणि मग गाठोड्यांच्या खोलीत जाऊन झोपते." मग म्हणाल्या, "तुम्हीही शिंकता ना सकाळी? हात द्या, तुमचीही करू."

अब्बांनी हात मागे घेतला. "मेरा रहने दो, बाई. मेरा नाक धंदे का है."

अब्बांनी ती चाचणी कधीच करून घेतली नाही.

उपचार सांगायला सोपे होते. थेंब बंद, पण एकदम नाही, एका नाकपुडीत आधी. उजवीकडे बंद केले, डावीकडे चालू ठेवले. उजवी बाजू आठ दिवस दगडासारखी बंद होती आणि मी डाव्या बाजूवर जगले. नवव्या दिवशी उजवीकडून बारीक शिट्टीसारखी हवा गेली. मग डावी बंद केली. सोबत मिठाच्या कोमट, उकळून गाळलेल्या पाण्याने रोज नाक धुणे, संध्याकाळी एक गोळी, आणि सकाळ-संध्याकाळ नाकात मारायचा फवारा. फवाऱ्याबद्दल त्यांनी बजावले की हा थेंबांसारखा पाच मिनिटांत उपकार करणार नाही, दोन आठवडे रोज मारायचा, आणि मगच त्याच्याबद्दल बोलायचे. उजव्या हाताने डाव्या नाकपुडीत, डाव्याने उजव्या, तोंड बाहेरच्या बाजूला, डोळ्याच्या कोपऱ्याकडे. मधल्या पडद्यावर नाही, नाहीतर पुन्हा रक्त. जोरात ओढायचा नाही, ओढला की घशात जातो. कचेरीत निम्म्या लोकांकडे तो फवारा मी पुढे पाहिला आणि जवळजवळ सगळे तो चुकीचा मारत. दोन दिवस मारून "काही फरक नाही" म्हणत खणात टाकत, आणि मेडिकलमधून थेंब आणत. ते थेंब आजही तसेच, काही न विचारता मिळतात.

झोपण्याचा भाग मात्र सोपा नव्हता. डॉक्टरीणबाईंनी दोन पर्याय दिले होते: गादी-उशीला चारी बाजूंनी बंद रेक्झिनची खोळ, किंवा गादीच नाही, चटई आणि दर आठवड्याला गरम पाण्यात धुता येईल अशी चादर. खोलीत गाठोडे एकही नको. अब्बा ऐकून घेत नव्हते. "मेरी गादी पे रेक्झिन? दवाखान्यातल्या पलंगासारखं?" चटईचे नाव काढल्यावर ते उठलेच. "पिंजारे की बेटी जमीन पे सोएगी? गल्ली में मुंह कैसा दिखाऊं?" त्यांनी कोऱ्या कापसाची नवी गादी भरायला घेतली. त्यांच्या दृष्टीने यात चूक नव्हती; बाईंनीच नवा कापूस बेकसूर म्हटले होते. अम्मीने ती वर येऊ दिली नाही. जिन्यात आडवी उभी राहिली. "नौ बरस तुम्हारी गादी पे सुलाया," ती म्हणाली. "अब मेरी चटई पे सोने दो." त्यांच्या संसारात ती अब्बांना आडवी गेल्याचे मी तेवढेच एकदा पाहिले. मग तिने एकटीने खोलीतली सगळी गाठोडी खाली नेली, भिंती ओल्या फडक्याने पुसल्या आणि चटई टाकली. हॉटेलवाला अब्बांना विचारत राहिला, "क्या चाचा, बच्ची कू सजा दिए क्या?" अब्बा यंत्र सुरू करत.

तिसऱ्या आठवड्यात एका सकाळी मी उठले आणि शिंक आली नाही. मी चटईवर बसून वाट पाहिली. आली नाही. अम्मी खाली लसूण ठेचत होती आणि मला ते कळले, आवाजावरून नव्हे. मी खाली जाऊन तिला सांगितले, "लसूण." ती म्हणाली, "हौ, लसून. क्या हुआ?" मी पुन्हा म्हटले, "लसूण, अम्मी." तेव्हा तिच्या लक्षात आले. तिने मला मसाल्याचा डबा उघडून दिला आणि मी एकेक वाटी नाकाशी धरून नाव सांगत गेले. दगडफूल ओळखता आले नाही. मग मी दुकानात गेले आणि आयुष्यात पहिल्यांदा मला आमच्या दुकानाचा वास आला. जुन्या गाद्यांचा वास: खोबरेल तेल, घाम, लहान मुलांचे मूत, धूर, औषधे. माणसे त्यांच्या गाद्यांत किती राहतात ते मला त्या सकाळी कळले. तरी मला तिथेच बसायचे होते. त्यात बदल झाला नव्हता.

सुमनकाकूंच्या रजईला नवे साटीन लावून अब्बांनी ती बाजूला ठेवली होती. महिना भरत आला तेव्हा मी म्हटले, मी आता बरी आहे, टाके घालते. तोंडाला रुमाल बांधून बसले. डॉक्टरीणबाईंनी यंत्रापासून लांब राहायला सांगितले होते. मी दाराजवळ बसले, ते लांब आहे असे स्वतःला सांगून. पहिली कोयरी झाली. अब्बांनी यंत्र सुरू केले, बाहेर चार गिऱ्हाइके गाठोडी घेऊन उभी होती. दहा मिनिटांत टाळूला खाज आली. मी शिंक दाबली. दुसरी दाबली. तिसरी दाबता आली नाही, आणि मग थांबेनात. मी रुमाल घट्ट करून टाका घातला. तो कोयरीबाहेर गेला.

यंत्र थांबले. गिऱ्हाइकांपैकी एक म्हणाला, "काय झालं चाचा, लाईट गेली का?" अब्बा म्हणाले, "आज मशीन बंद आहे. उद्या या." हंगामात, दिवसाउजेडी, वीज असताना त्यांनी यंत्र बंद केल्याचे कुणाला आठवत नव्हते. लोक कुरकुरत गेले. अब्बांनी जमिनीवर पाणी शिंपडले, धूळ बसू दिली, मग माझ्यासमोर येऊन रजईच्या दुसऱ्या कडेला बसले आणि चुकलेला टाका उसवला. आम्ही दोघे काम करत राहिलो. मी कोयऱ्या घालत होते, ते कडेची शिलाई. शेवटची गाठ मारायच्या आधी ते म्हणाले, "ये आखरी है. कल से तू नीचे नक्को आ."

हेच वाक्य ऐकायला लागू नये म्हणून मी दीड वर्ष थेंब टाकले होते. मी म्हटले, मी नवा कापूस तेवढा करीन. लग्नाची कामे तेवढी करीन. मशीन बंद असेल तेव्हा बसेन. ते प्रत्येक वेळी मान हलवत होते. शेवटी मी म्हटले, "तुम्ही म्हणाला होतात, दुकान माझं."

"बोला था," ते म्हणाले. "मेरे कू मालूम नईं था मैं क्या दे रहा हूं."

त्यांनी रजईची घडी घातली. मी वर गेले, मोकळ्या खोलीत चटईवर बसले आणि रडले. रडल्यावर कुणाचेही नाक चोंदते तसे माझे चोंदले, दोन्ही बाजूंनी. हात सवयीने खिशाकडे गेला. खिसा रिकामा होता. खाली शांतता होती. मी तोंडाने श्वास घेत बसून राहिले. अर्ध्या तासाने नाक आपले आपण मोकळे झाले, आणि खालून अम्मीने विचारले, जेवायला येतेस का.